टॅम्प्लीज

तेजलला बारा पोरं हवी होती आणि नियमात बसणारी मिळाली अकरा. तिथूनच सगळी माती व्हायला सुरुवात झाली.

पोरं हवी होती ती पीएच.डी.साठी. विषय होता लहान मुलांचा लुटुपुटीचा खेळ आणि दुसऱ्याच्या मनाची जाण. तिच्या वडिलांनी, म्हणजे कामशेतच्या बाजीराव आबांनी, हा विषय दोनदा समजावून घेतला आणि मग विचारलं, "म्हंजी पोरांनी भातुकली खेळायची, तू निस्तं बगत बसायचं, आन् डाक्टर व्हायचीस तू?" तेजल हसली होती. पण आबांनी चुकीचं काही म्हटलं नव्हतं. मूल काठीचा घोडा करतं तेव्हा ती काठी आहे हेही त्याला कळत असतं आणि घोडा आहे हेही. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसेल, ही समजही त्याला अशा खेळातूनच येते, असं काही विद्वान म्हणतात. बाकीचे विद्वान म्हणतात, हे अजून सिद्ध व्हायचंय. तेजलच्या पुण्याच्या गाईड मॅडम पहिल्या आळीतल्या, म्हणून तेजलचंही बिऱ्हाड त्याच आळीत.

आदल्या वर्षी तिनं लोणावळ्याच्या एका बालवाडीत काम सुरू केलं होतं. पालकांनी कॅमेरा बघितला आणि हाकलून दिलं. वर्ष फुकट गेलं. आता डिसेंबरात अहवाल दिला नाही तर नोंदणी रद्द, असं पत्र तिच्या हातात होतं. दिवाळीची सुट्टी लागायच्या आत बारा मुलांचं बारा दिवसांचं चित्रण व्हायला हवं होतं, अकरा मुलांचं चालणार नव्हतं.

बेडशाच्या पुढं, पवनेच्या अंगाला एक वाडी आहे. नाव सांगत नाही, अशा वाड्या काही कमी नाहीत. तिथल्या अंगणवाडीच्या पटावर चार ते साडेपाच वयाची बरोबर बारा पोरं होती. बारावी सृष्टी. आणि सृष्टी ही तेजलच्या सख्ख्या चुलत बहिणीची, अनिताची पोरगी.

फॉर्मवर एक वाक्य छापलेलं होतं: निरीक्षक आणि मूल यांच्यात कोणतंही नातं नाही. खाली सहीची जागा होती. तेजलनं ते वाक्य तीनदा वाचलं. तीनदा वाचल्यानं ते बदलणार नव्हतं, म्हणून तिनं सही केली.

त्याच दिवशी ती अनिताकडं गेली. अनिताचं घर ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत. नवरा तळेगावला कंपनीत जायचा आणि अनिता शनिवार-रविवार धरणाकाठच्या एका कॅम्पवर भांडी घासायची. पाऊस उघडला की पवनेच्या काठानं तंबू उगवतात आणि मुंबई-पुण्याचे पाहुणे त्यात झोपायला येतात, हे आता भातपिकाइतकंच नेमानं होतं.

तेजलनं अडचण सांगितली. अनिता हसायलाच लागली.

"मग हाय काय त्यात? अंगणवाडीच्या लीलाबाईला सांगायला कोन चाललंय? आमच्या वस्तीत ती येती तरी कवा?"

"पण अक्का, सृष्टी मला बघून पळत येईल ना. मावशी म्हणेल."

"तिला तू सांग. माजं न्हाई आयकायची, तुजं आयकंल. मावशी म्हंजी देव हाय तिचा."

हे खरं होतं. सृष्टी तेवढ्यात मांडीवर येऊन बसलीही होती आणि मावशीच्या घड्याळाचा पट्टा उघड-मीट करत होती. साडेचार वर्षांची, बारीक, नाकावर सतत घाम. तेजलनं तिला जवळ ओढलं.

"सृष्टी, आपण दोघी एक खेळ खेळायचा का? अंगणवाडीत मी मावशी नाही. मी ताई. तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही."

"खोटं खोटं?"

"खोटं खोटं."

"आन् घरी?"

"घरी मी येणारच नाही आता. दिवाळी झाली की येईन. तोवर कुठंही भेटले तरी मी ताईच."

सृष्टीनं जरा विचार केला. खेळायचं तर नियम आधी विचारून घ्यावेत, एवढं तिला कळत होतं.

"आन् मला टॅम्प्लीज घ्यायची आसंल तर?"

टॅम्प्लीज म्हणजे काय ते महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. पळता पळता धाप लागली, चप्पल तुटली, शू लागली, की मूठ ओठाशी न्यायची आणि ओरडायचं, टॅम्प्लीज! मग कितीही तालेवार गडी असो, त्याला तुम्हाला हात लावता येत नाही. लेकरांच्या राज्यातला हा एकच कायदा, पण तो कुणी मोडत नाही.

तेजलच्या डोळ्यांपुढं बारा दिवस होते. तिसऱ्याच दिवशी पोरगी टॅम्प्लीज म्हणून गळ्यात पडली तर काय घ्या?

"ह्या खेळात टॅम्प्लीज नाही," ती म्हणाली.

सृष्टीनं मान हलवली आणि मांडीवरून उतरली. खेळ तिनं तिथूनच सुरू केला होता. तेजलला मात्र ते कौतुकाचं वाटलं.

अंगणवाडीच्या सेविका लीलाबाई मोठ्या अगत्याच्या बाई. पहिल्याच दिवशी त्यांनी घरून कपबशी मागवून तेजलला चहा दिला आणि आपल्याकडं विचारतात तसं विचारलं, "आडनाव काय म्हनला तुमी? पाव्हनं मूळचं कुठलं?"

"पुण्याचीच म्हणा," तेजल म्हणाली आणि कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे पाय ओढायला लागली. लीलाबाईंनी पुन्हा विचारलं नाही. चहा छान होता. आपण कोण ते ह्यांना कळलं नाही याचं तेजलला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. लाज चहा संपेपर्यंत गेली. बरं वाटणं मात्र राहिलं.

तेवढ्यात सृष्टी आली. दारात थबकली, तेजलकडं एकदा परक्या नजरेनं बघितलं आणि पाठीमागं हात बांधून म्हणाली, "ताई, तुमचं नाव काय?"

तेजलच्या अंगावर काटा आला. तुमचं! काल मांडीवर बसलेली पोर तिला अहो-जाहो करत होती. वहीत लिहिता येत नव्हतं, नाहीतर पहिली नोंद तिनं हीच केली असती.

खेळाचं साहित्य तेजलनं पुण्याहून आणलं होतं. लाकडी भांडी, बाहुल्या, डॉक्टरचा सेट. पोरांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि बाजूला सारलं. त्यांना खेळायचा होता कॅम्प. दोन सतरंज्या खुर्च्यांवर टाकल्या की तंबू. लाल जिलेटीनच्या कागदाचा बोळा म्हणजे शेकोटी. कॅम्पचा मालक प्रितम, कारण खरा कॅम्प त्याच्या बापाचा होता आणि पोरांमध्येही सातबारा चालतो. पाच वर्षांच्या प्रितमनं कमरेवर हात ठेवून कामं वाटली. दोघं पाहुणे, दोघी मॅडम, एक चिकन भाजणारा, एक गाणी लावणारा.

"मी मॅडम," सृष्टी म्हणाली.

"तू न्हाई. तू तंबूत न्हाई यायचं."

"का?"

"आज्जी म्हनती तुमाला आत न्हाई घ्यायचं. तुजी मम्मी बी भायेरच भांडी घासती." प्रितमच्या आवाजात राग नव्हता. तंबूला दोरी असते हे सांगावं तसं त्यानं ते सांगितलं. मग त्यालाच वाईट वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "तू शेरू हो. शेरू लय भारी हाय."

शेरू म्हणजे त्यांच्या कॅम्पवरचं कुत्रं.

सृष्टीनं तेजलकडं बघितलं. एकदाच. तेजलच्या हातात पेन्सिल होती आणि कॅमेऱ्यावर लाल ठिपका लुकलुकत होता. वीस मिनिटं अखंड चित्रण हवं, मोठ्या माणसानं मध्ये शब्द उच्चारला की त्या दिवसाचं चित्रण बाद, असा नियम. प्रितमच्या आजीचं वाक्य तेजलला नवीन नव्हतं. कामशेतच्या शाळेत तिनं ते वेगळ्या शब्दांत ऐकलं होतं आणि तेव्हा कुणीतरी मोठ्या माणसानं उठावं म्हणून इकडंतिकडं बघितलंही होतं. तिनं खाली मान घालून तक्ता भरला. भूमिका: कुत्रा. स्वीकार: एका प्रश्नानंतर, विरोधाविना.

सृष्टी गुडघ्यांवर बसली आणि भुंकली. पोरं खूश झाली. ती भुंकलीच तशी, हुबेहूब.

त्यानंतर रोज तेच. मॅडम बदलायच्या, पाहुणे बदलायचे, शेरू तोच. सतरंजीच्या बाहेर, डब्याच्या झाकणात शेरूचं जेवण. रोज घरी जाताना सृष्टी दारात थांबायची आणि म्हणायची, "येते हं ताई." तिच्या आवाजात एक बारीकसा ताठा असायचा. बघ, मी चुकले नाही. तो ताठा फक्त तेजललाच कळत होता.

सहाव्या दिवशी बाहुल्यांची चाचणी झाली. एक बाहुली चेंडू डब्यात ठेवते आणि बाहेर जाते. दुसरी तो काढून टोपलीत लपवते. पहिली परत आली की चेंडू कुठं शोधेल? प्रितम म्हणाला, टोपलीत, आणि जिंकल्यासारखा हसला. सृष्टी सोडून उरलेल्या अकरांपैकी सात जणांनी टोपलीच सांगितली. सृष्टीनं प्रश्न संपायच्या आत डब्यावर बोट ठेवलं.

"डब्यात का गं?"

"तिला काय ठावं? ती हितं न्हवती." मग थांबून म्हणाली, "हिला ठावं हाय, पर ही सांगायची न्हाई. हिनं ठरवलंय."

तेजलनं रात्री हे वाक्य गाईड मॅडमना पाठवलं. मॅडमनी तीन उद्गारचिन्हं पाठवली. ज्या पोरीला घटकाघटकाला दुसऱ्याचा चेहरा वाचावा लागतो, ती दुसऱ्याच्या मनात शिरायला लवकर शिकणारच. मार खाणाऱ्याला मारणाऱ्याच्या हाताची जितकी माहिती असते तितकी मारणाऱ्याला स्वतःलाही नसते. यात कौतुक कशाचं करायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बारावा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवसापासून दिवाळीची सुट्टी. लीलाबाई मागच्या खोलीत खिचडीच्या गडबडीत होत्या. प्रितमनं त्या दिवशी कॅम्पवरून तंबूची खरी दोरी आणली होती, निळी, नायलॉनची.

"शेरूला बांदा. पाव्हन्यांना चावतंय."

त्यानं दोरीचा फास सृष्टीच्या गळ्यात घातला आणि दुसरं टोक खिडकीच्या गजाला. तेजलनं ते बघितलं. दोरी ढिली होती. घड्याळात चौदा मिनिटं झाली होती. होऊ दे, सहा मिनिटं, असं ती मनाशी म्हणाली.

सतराव्या मिनिटाला मॅडम झालेल्या एका पोरीनं सतरंजीतून कागदाचा बोळा फेकला. "शेरू, चिकन!"

शेरू धावला. दोरी ताणली, फास आवळला आणि सृष्टी जागच्या जागी मागं ओढली जाऊन पडली. गुडघा फरशीच्या कडेवर आपटला. घशातून एक आवाज आला. तो कुत्र्याचा नव्हता.

तेजल अर्धी उठली. अर्धीच. तीन मिनिटं राहिली होती. उद्या सुट्टी. हे चित्रण बाद झालं तर अकरा दिवस, आणि अकरा दिवसांचं चालत नव्हतं. पोरगी श्वास घेतेय ना? घेतेय. मग.

सृष्टीनं एका हातानं दोरी धरली होती. दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि ओठांशी गेली. डोळे तेजलवर. पाणी भरलेले, लाल, पण तेजलवर. ती मूठ न कळण्याइतकी तेजल परकी नव्हती. ती मूठ टॅम्प्लीज मागत नव्हती, घेऊ का म्हणून विचारत होती.

तेजलनं तक्त्याकडं बघितलं.

मूठ खाली आली. सृष्टीनं तोंड उघडलं आणि ती भुंकली. बसक्या, चिरक्या आवाजात, एकदा, दोनदा. पोरं खदखदून हसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त इथं तोंड मावशीनं दाबलं होतं.

हसला नाही तो प्रितम. तो सतरंजीतून बाहेर आला, तिच्या तोंडाकडं वाकून बघितलं आणि स्वतःची मूठ ओठाशी नेऊन किंचाळला, "टॅम्प्लीज! टॅम्प्लीज! शेरूला खरं खरं लागलंय!" बोटांनी सुटेना तेव्हा त्यानं दातांनी गाठ सोडवली. ज्यानं तिला कुत्रं केलं त्यानंच तिला सोडवलं. पोर टॅम्प्लीज म्हणालं तर चित्रण बाद होत नाही. तेजलची वीस मिनिटं पूर्ण झाली.

आवाज ऐकून लीलाबाई आल्या. हळद आणली, गुडघ्याला लावली. हनुवटीखाली लाल वळ उठला होता.

"कसं गं झालं?"

"खेळताना लागलं," सृष्टी म्हणाली.

"तुमी हुतात न्हवं हितं?" लीलाबाईंनी तेजलला विचारलं.

"मी लिहीत होते. लक्ष नव्हतं माझं."

सृष्टीनं हे ऐकलं. घरी जाताना ती दारात थांबली नाही.

पुण्याला मॅडमनी ते चित्रण पडद्यावर लावलं. सतराव्या मिनिटाला त्या खुर्चीतून पुढं सरकल्या. "थांब, मागं घे. बघ, बघ! दुखतंय, टॅम्प्लीजची खूण करते, आणि घेत नाही! परत भूमिकेत जाते. साडेचार वर्षं! अगं, मोठ्या नटांना जमत नाही हे." त्यांनी पुन्हा मागं घेतलं. पुन्हा भुंकणं ऐकू आलं. "भूमिका टिकवणं, पाचपैकी पाच दे. तुझा सगळा प्रबंध ह्या एका पोरीवर उभा आहे. कुणाची गं ही?"

"वाडीतलीच आहे एक," तेजल म्हणाली.

पाचाचा आकडा तिनं स्वतःच्या हातानं लिहिला. सृष्टी कोणती भूमिका टिकवत होती ते त्या खोलीत तिला एकटीलाच माहीत होतं, आणि ते लिहायची तक्त्यातल्या कुठल्याच रकान्यात सोय नव्हती.

दिवाळी झाल्यावर ती वाडीवर गेली. हातात भातुकलीचा मोठा गुलाबी डबा. वाटभर तिनं ठरवून ठेवलं होतं, आधी उचलून घ्यायचं, मग कानात सॉरी म्हणायचं. पोरं विसरतात, ती स्वतःला सांगत होती. इतकी पुस्तकं वाचून तिनं काढलेला हा निष्कर्ष होता.

सृष्टी अंगणात दगडाच्या चुलीवर करवंटी मांडून बसली होती. हनुवटीखालचा वळ आता तपकिरी झाला होता. अनिता दारातून ओरडली, "सृष्टे, बग कोन आलंय!"

सृष्टी उठली, फ्रॉकला हात पुसले.

"या ताई. बसा."

"आगं बया, मावशी हाय ती! म्हैना झाला, मी नाव काढलं की मला बी सांगती, मावशी न्हाई, ताई." अनिता हसत होती. "काय जादू केलीस गं पोरीवर?"

तेजल खाली बसली. डबा पुढं केला. सृष्टीनं तो हातात घेतला नाही, नुसता बघितला, दुसऱ्याच्या घरची वस्तू बघतात तसा.

"सृष्टी, संपला आपला खेळ. दिवाळी झाली ना? जिंकलीस तू." मग तेजलनं आपली मूठ वळली, तिशीच्या बाईनं, अंगणाच्या मधोमध, आणि ओठांशी नेली. "टॅम्प्लीज. बघ, मी घेतली टॅम्प्लीज. आता म्हण मावशी."

सृष्टीनं तिच्याकडं बघितलं. त्या नजरेत राग असता तर तेजलला सोसलं असतं.

"ह्या खेळात टॅम्प्लीज न्हाई, ताई," ती म्हणाली. "तुमीच सांगितलं हुतं."

आणि पाहुणीसाठी पाणी आणायला ती आत गेली.